शिवथरखोरें आणि बंदुकीचा दस्ता

समर्थांच्या घळीमुळें शिवथरचें नांव महाराष्ट्रांतील घरोघरीं पोंचलेलें आहे. बहुतेक यात्रेकरू सकाळीं मोटारीनें येतात, घळींत डोकें टेकवितात, धबधब्याजवळ घटकाभर बसतात आणि दिवस मावळण्यापूर्वीं परततात. आम्ही मात्र गेल्या वर्षीं वैशाखांत त्या खोऱ्यांत चार दिवस राहिलों, व तेंही एका निराळ्याच कामासाठीं. तें काम ऐकून वाचकांस थोडें हंसूं येईल. जन्मभर मुलांकडून विभक्तिप्रत्यय घोकून घेतलेल्या मास्तरास बंदुकीच्या दस्त्याशीं काय कर्तव्य? परंतु घरांतील वडीलधारें माणूस गेलें म्हणजे त्याच्या मागें राहिलेल्या वस्तूंचा विचार कोणास तरी करावाच लागतो, आणि आमच्या घरीं तो आमच्या वांट्यास आला.

पुण्याहून भोरमार्गें निघालें म्हणजे निरा-देवघरच्या धरणाचें पाणी बराच वेळ रस्त्याची सोबत करितें. पुढें वरंधा घाट लागतो. घाटमाथ्याजवळ वाघजाईचें देऊळ आहे. तेथें उतरून, देवीस नमस्कार करून व गरम भज्यांचा समाचार घेऊन मगच मंडळी पुढें जातात. बाजूस कावळ्या किल्ला उभा आहे. तेथून खालीं पाहिलें म्हणजे सह्याद्रीच्या भिंतींनीं तीन बाजूंनीं वेढलेलें कोंकण दिसतें, आणि शिवथरचें खोरें त्या भिंतींच्या अगदीं पायाशीं, ओंजळींतल्यासारखें वसलेलें आहे असें कळून येतें. हा घाट दिसावयास रम्य असला तरी पावसाळ्यांत त्याचा भरंवसा नाहीं. दरडी कोसळून तो वरचेवर बंद पडतो. २२ जुलै २०२१ रोजीं याच महाड तालुक्यांतील तळिये गांवावर डोंगर आला, ती आठवण येथल्या माणसांच्या बोलण्यांतून अजून गेलेली नाहीं. घाट उतरून माझेरी मागें टाकल्यावर बारसगांवाहून शिवथरकडे फांटा फुटतो.

या खोऱ्यांत आमच्या घराण्याची थोडी भातशेती व एक जुनें कौलारू घर आहे. आमचे थोरले बंधू तेथेंच राहिले. आम्ही नोकरीनिमित्त घाटावर गेलों. आमच्यांत सतरा वर्षांचें अंतर असल्यानें ते आम्हांस बंधूंपेक्षां वडीलच अधिक होते. त्यांनीं १९६९ सालीं एक रायफल घेतली. ती बंगाल्यांतील ईशापूरच्या सरकारी कारखान्यांत तयार झालेली, ३१५ बोराची, पांच काडतुसांची आहे. लष्करांतील ली-एन्फील्ड रायफलीची घडण तीस आधारभूत आहे. त्या काळीं रीतसर शिकार करितां येत असे, व बंधू ती करीतही असत. १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, तेव्हांपासून त्यांनीं शिकारीचें नांव टाकलें. पुढें ती रायफल शेतीच्या राखणीसाठीं परवान्यावर राहिली. रानडुकरें भात आणि नाचणी एका रात्रींत कशीं लोळवितात हें ज्यानें पाहिलें आहे, त्यास त्या परवान्याचा अर्थ सांगावयास नको.

बंधू २०१९ सालीं वारले. परवानाधारक गेला म्हणजे शस्त्र वारसाच्या हातीं आपोआप येत नाहीं. तें पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करावें लागतें, आणि वारसानें स्वतःच्या नांवें परवाना मिळविल्यावरच तें परत मिळतें. आमच्या चिरंजीव पुतण्यानें हें सर्व यथाक्रम केलें. रायफल घरीं आली. पुढच्या एका कार्तिकांत डुकरांचा उपद्रव अनावर झाला, तेव्हां वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी घेऊन तो माळ्यावर बसला. बार झाला; पण गोळी जेथें लागावयाची तेथें न लागतां मागें, पोटांत लागली. जनावर ओरडत नाळींत उतरलें. रात्रभर बॅटऱ्या घेऊन चौघेजण शोधीत होते. सकाळीं तें सांपडलें तेव्हां अजून जिवंत होतें. पुढें पंचनामा झाला, कागद पुरे झाले. परंतु पोरगा दोन दिवस जेवला नाहीं. त्यानें आम्हांस फोन केला तो एवढेंच विचारावयास कीं, "काका, ही रायफल देऊन टाकूं का?"

देऊन टाकणें सोपें होतें. परंतु डुकरें राहणार, शेत राहणार, आणि उद्यां दुसऱ्या कोणी तरी वाईट नेमानें बार काढावयाचा, त्यापेक्षां चूक कोठें झाली हें आधीं पाहावें असें आम्हांस वाटलें. पुण्यास परवानाधारक बंदूक-दुरुस्तीचा व्यवसाय करणारे एक वृद्ध गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. पुतण्या त्यांच्याकडे रायफल घेऊन आला. त्यांनीं नळी तपासली, निशाण तपासलें, आणि मग पुतण्यास डोळे मिटून रायफल खांद्यास लावावयास सांगितली. डोळे उघडतांच त्याची नजर निशाणाच्या बरीच वर होती. गालाखालीं लांकूड नव्हतेंच. ते म्हणाले, "गुरुजी, बंदुकींत दोष नाहीं. ही दुसऱ्याच्या अंगावर बेतलेली आहे."

गोष्ट अशी होती कीं, बंधू ठेंगणे, आंखूड मानेचे व आंखूड हातांचे. त्यांनीं घेतल्या वर्षींच दस्त्याच्या शेवटाकडचें लांकूड अर्धा इंच कापून टाकविलें होतें. पुतण्या उंच, लांब मानेचा. बापाचा सदरा मुलानें घालावा तसा तो दस्ता त्याच्या अंगास लागत होता.

ज्यास जुनीं माणसें कुंदा म्हणत त्यास आतां दस्ता म्हणतात. नळी व चाप यांस धरून ठेवणारा हा लांकडी भाग पाहणाऱ्यास शोभेचा वाटतो. परंतु माणूस आणि यंत्र यांची गांठ पडते ती याच ठिकाणीं. त्याचीं तीन मापें मुख्य. पहिलें लांबीचें, म्हणजे चापापासून दस्त्याच्या टोंकापर्यंतचें. कोपर काटकोनांत वांकवून दस्त्याचें टोंक कोपराच्या आंतल्या बाजूस टेकवावें व बोट चापावर येतें कीं नाहीं तें पाहावें, अशी एक ढोबळ रीत आहे. परंतु खरी परीक्षा खांद्यास लावल्यावरच होते. त्या वेळीं आंगठा आणि नाक यांमध्यें दोन-तीन बोटें अंतर राहावें. दस्ता लांब झाला तर कपड्यांत अडकतो. आंखूड झाला तर धक्क्यासरशीं आंगठा नाकावर येतो. दुसरें माप गाल जेथें टेंकतो त्या वरच्या कडेच्या उंचीचें. ती कड खालीं असली तर डोकें अधांतरीं राहतें, आणि तें प्रत्येक वेळीं निराळ्या उंचीवर थांबतें. मग नेम एकसारखा यावा कोठून? तिसरें माप बाजूच्या कलाचें. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्यासाठीं दस्ता किंचित् उजवीकडे कललेला असला म्हणजे डोळा आपोआप निशाणाच्या रेषेंत येतो. आमच्या धनुर्वेदांतही धनुर्धराच्या बळाहून जड धनुष्य त्याच्या हातीं देऊं नये असा दंडक आहे. शस्त्र माणसाच्या मापाचें असावें, ही गोष्ट कांहीं नवी नव्हे.

या रायफलीच्या घडणीचा एक गुण आमच्या कामीं आला. पुष्कळ रायफलींचा दस्ता टोंकापासून नळीखालपर्यंत एकसंध असतो. ली-एन्फील्डच्या घडणींत तो दोन तुकड्यांचा आहे. मागचा तुकडा लोखंडी खोबणींत बसतो व त्याच्या पोटांतून गेलेल्या एका लांब बोल्टानें आंवळला जातो. लष्करांत या मागच्या तुकड्याच्या निरनिराळ्या लांब्या ठेवीत, अर्ध्या अर्ध्या इंचाच्या फरकानें, म्हणजे उंच शिपायास लांब व ठेंगण्यास आंखूड देतां येई. तेव्हां आम्हांस सबंध रायफल मोडावयाची नव्हती. मागचा तुकडा तेवढा नवा करावयाचा होता.

माप मात्र नीट मिळावयास हवें होतें, आणि तें एका भेटींत मिळण्यासारखें नव्हतें. शिवथरखोऱ्यांत आमच्या घरीं पिढीजाद काम करणारे एक वृद्ध मिस्त्री आहेत. पुण्याच्या गृहस्थांनीं सुचविलें कीं, रायफल येथेंच राहूं द्यावी. मिस्त्रींकडून तेवढ्याच वजनाची व लांबीची लांकडी प्रतिकृति करवून घ्यावी, मुलाच्या अंगास ती चार दिवस लावून पाहावी, आणि जें माप जमेल तें त्यांच्याकडे आणावें. शस्त्रास हात लावण्याचें काम ज्याच्यापाशीं परवाना आहे त्यानेंच करावें, हें कायद्यासही धरून होतें. अशा रीतीनें आमचें शिवथरास जाणें झालें.

मिस्त्रींनीं पडवींत आपलें सामान मांडलें. करवत, वाकस, रंधा, पटाशा, कानशी. लांकूड कोणतें घ्यावें यावर प्रथम चर्चा झाली. आम्हीं सागाचें नांव काढलें. ते म्हणाले, "गुरुजी, साग दारास चांगला. धक्का बसला कीं रेषेवर चिरतो." शिसव मजबूत व देखणें, पण जड. धावडा आणि तिवस दांड्यांस उत्तम. त्यांची चिवटी कुऱ्हाडीस व नांगरास पाहिजे. नमुन्यासाठीं त्यांनीं शिवण काढलें. तें हलकें, पटाशीस मऊ, आणि एकदां वाळलें कीं सहसा मुरडत नाहीं. नळीच्या जागीं त्यांनीं जाड बांबू बसविला, त्यांत वजनासाठीं वाळू भरली, आणि निशाणाच्या जागीं दोन खिळे ठोकले.

पुढचे तीन दिवस अंगणांत एकच खेळ चालला होता. पुतण्यानें डोळे मिटावे, प्रतिकृति खांद्यास व गालास लावावी, मग डोळे उघडावे. दोन्ही खिळे एका रेषेंत आले नाहींत कीं मिस्त्रींनीं ती हातांतून घ्यावी, कोठें रंध्याचा एक हात द्यावा, कोठें चामड्याची पट्टी डकवावी, आणि पुन्हां "हां, आतां लावा" म्हणावें. एकदां बसून, एकदां उभ्यानें, एकदां घोंगडी पांघरून, कारण कार्तिकांतील रात्रीं अंगावर जाड कपडा असतो व तेवढ्यानेंही लांबींत फरक पडतो. लांबी अखेर जुन्या दस्त्याहून पाऊण इंच वाढली व गालाची कड बोटभर वर गेली. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं लागोपाठ दहा वेळां खिळे रेषेंत आले, तेव्हां मिस्त्रींनीं पटाशी खालीं ठेविली आणि तपकीर ओढली.

वहिनी ओटीवर बसून हें पाहत होत्या. एवढा वेळ त्या कांहीं बोलल्या नव्हत्या. रात्रीं पानें वाढतांना त्यांनीं आम्हांस विचारलें, "भाऊजी, जुन्या लांकडाचें काय करणार?" आम्हीं सांगितलें कीं, तो तुकडा निघेल. त्यावर त्या म्हणाल्या, "जाळूं नका म्हणजे झालें. त्याच्यावर त्यांच्या गालाचा डाग आहे." ती गोष्ट आमच्या ध्यानांतही नव्हती. पन्नास वर्षें एकाच ठिकाणीं गाल टेंकून त्या कडेचें पॉलिश गेलें होतें आणि तेथें तेलकट काळसर छाया उमटली होती. आम्ही मापें घेत होतों तेव्हां त्या डागाकडे एक खूण म्हणून पाहत होतों. वहिनींस तेथें बंधू दिसत होते.

चौथ्या दिवशीं पहाटे आम्ही घळीकडे गेलों. दासबोध येथें सिद्ध झाला अशी संप्रदायाची परंपरा आहे. मध्यंतरीं या स्थळाचा विसर पडला होता. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९३० सालीं तें शोधून काढलें. पायऱ्या चढून गेल्यावर झाडींतून गारवा अंगावर येतो. वैशाखांत धबधब्याची धार बारीक झालेली असते, पण ती अगदींच तुटत नाहीं. आंत अंधार, ओल आणि शांतता. समर्थ सांगताहेत व कल्याणस्वामी लिहिताहेत अशा मूर्ति तेथें आहेत. पुतण्या आमच्यासोबत होता. बाहेर येऊन कातळावर बसल्यावर त्यानें विचारलें, "काका, या ठिकाणाहून हांकेच्या अंतरावर आपण जनावर मारण्याच्या मापाचा विचार करतों आहोंत, हें बरें का?"

प्रश्न खोटा नव्हता. आम्हांस शाकुंतलाची आठवण झाली. पहिल्या अंकांत राजा हरणामागें धांवत असतां तपस्वी त्यास अडवितो, हें आश्रमाचें हरिण आहे, मारूं नकोस म्हणतो, आणि राजा चढविलेला बाण उतरवितो. पुढच्याच अंकांत सेनापति मृगयेची स्तुति करितो, ती शरीरास कशी हितकर, चळत्या लक्ष्यावर बाण कसा साधतो, वगैरे. कवीनें दोन्ही बाजू मांडल्या आहेत. पण बाण उतरविणारा राजाच वाचकाच्या मनांत राहतो. आम्हीं पुतण्यास सांगितलें, "बाण उतरवितां येत असेल तेथें उतरवावाच. कुंपण कर, दिवे लाव, राखण कर. पण शेतकऱ्यास एखादे वेळीं तो सोडावाच लागला, तर तो चुकवून जनावरास रात्रभर तळमळत ठेवण्याचा हक्क आपणांस नाहीं." तो कांहीं बोलला नाहीं. परततांना त्यानें ती प्रतिकृति आपल्या हातांनीं गोणपाटांत गुंडाळली.

पुण्याच्या गृहस्थांनीं नवा दस्ता अक्रोडाचा केला. जगभर दस्त्यासाठीं अक्रोडास मान आहे तो केवळ रंगासाठीं नव्हे. तो वजनाच्या मानानें बळकट असतो, धक्का सोसतो, आणि ओल-ऊन लागलें तरी फारसा हलत नाहीं. आपल्याकडे तो काश्मिरांतून येतो. श्रीनगरास रैनावारींत बंदूक करणाऱ्या कारागिरांचा मोहल्लाच आहे. मात्र तेथें अक्रोडाचें झाड १९६९ च्या कायद्यानें संरक्षित आहे. परवानगीवांचून तें तोडतां येत नाहीं. म्हणून या गृहस्थांनीं वर्षांपूर्वीं घेऊन ठेवलेल्या जुन्या फळीचा तुकडा काढला. एक इंच जाडीस एक वर्ष वाळवण, हा त्यांचा हिशेब. फळीवर त्यांनीं नमुना फिरवून फिरवून ठेविला, तो एवढ्यासाठीं कीं, मुठीच्या बारीक भागांतून लांकडाच्या रेषा सरळ मुठीच्या वळणानें जाव्यात. तेथें रेषा आडव्या गेल्या तर कितीही सुंदर नक्षी असली तरी दस्ता एक दिवस तेथेंच मोडतो. आम्हांस शेजारच्या भागांतील धुरासारखी नक्षी आवडली होती. त्यांनीं ती सरळ कापून टाकली.

बोल्टासाठीं लांबचें भोंक सरळ पाडणें हें त्यांच्या मतें सर्वांत धाकाचें काम. त्यानंतर खोबणीचें. लोखंडास दिव्याची काजळी लावावी, लांकूड आंत दाबावें, बाहेर काढावें. जेथें काळें उमटेल तेवढेंच पटाशीनें खरडावें, पुन्हां काजळी लावावी. सर्व बाजूंस सारखी काजळी उमटेपर्यंत हें चालतें. सांधा एका बाजूनेंच टेंकला तर धक्क्याचा सारा भार तेथें येऊन लांकूड चिरतें. शेवटीं जवसाच्या तेलाचे हात, एक वाळल्यावर दुसरा, असे पंधरा दिवस. टोंकाचें लांकूड आणि भोंकाचा आंतला भागही तेलानें भरला, कारण कोंकणांतील ओल आधीं तेथूनच शिरते. पावसाळा संपला म्हणजे बोल्ट आंवळून पाहावयाचा, एवढें पथ्य त्यांनीं सांगितलें.

असो. त्या वर्षींच्या कार्तिकांत डुकरें पुन्हां आलीं. पुतण्यानें बांधावर दिवे लावले, रात्रीं डबे वाजविले. तरी शेवटीं परवानगी काढावी लागली. त्याचें पत्र आलें. हल्लींच्या काळांत पत्र येणें हीच नवल करण्याजोगी गोष्ट. पण फोनवर बोलण्यासारखें तें त्यास वाटलें नसावें. त्यांत होतें कीं, दोन रात्री उजेड नीट नव्हता म्हणून चापास बोट लावलें नाहीं. तिसऱ्या रात्रीं एकच बार काढला, आणि या वेळीं शोधावयास जावें लागलें नाहीं. खालीं एक ओळ वहिनींच्या निरोपाची होती: लांकूड पोंचलें.

तो जुना तुकडा आम्हीं पुण्याहून पाठविला होता. वहिनींनीं तो बंधूंच्या चष्म्याशेजारीं, त्यांच्या लांकडी पेटींत ठेविला आहे. नमुन्याचा शिवणी दस्ता मिस्त्रींनीं मागून नेला. दुसऱ्या कोणाच्या मुलास लागेल म्हणाले.

वाचकांपैकीं कोणास शिवथरास जावयाचें असेल तर पावसाळ्यांत वरंधा घाट चालूं आहे कीं नाहीं याची चौकशी करून निघावें, नाहींतर महाडकडून बिरवाडीमार्गें जावें. घळ पाहावी, धबधबा पाहावा. आणि सवड असेल तर खोऱ्यांत एक रात्र राहावें. तिन्हीसांजेस शेतांतल्या माळ्यांवर एकेक दिवा लागतो. तो राखणीचा दिवा असतो, आणि त्याच्याखालीं कोणी तरी जागत बसलेलें असतें.